हुक्क्याला कायद्याच्या चौकटीत बसवणं इतकं अवघड का जातं?

क्षितिजा

धागा काढायचं कारण आधी सांगते. माझा धाकटा भाऊ मित्रांबरोबर एका बंदिस्त जागेत दीडेक तास हुक्का ओढत बसला होता. उठला, दोन पावलं टाकली आणि कोसळला. दवाखान्यात बोटाला ऑक्सिमीटर लावलं तर ऑक्सिजन ९८. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही. "कोळशाजवळ बसला होता का?" एवढंच विचारलं आणि रक्त तपासायला पाठवलं. कार्बन मोनॉक्साइड निघाला. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला दोन्हींतला फरक कळत नाही. काही तास मास्कने ऑक्सिजन दिल्यावर तो सावरला.

त्याने आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. "ताई, हे पाण्यातून गाळून येतं," असं तो मला आधी कितीदा म्हणाला होता, आणि मीही फारसं मनावर घेतलं नव्हतं. ते मला अजून लागून राहिलंय.

तेव्हापासून जमेल तेवढं वाचते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने हुक्क्याबद्दल पहिली सूचना २००५ मध्ये काढली, सुधारून दुसरी २०१५ मध्ये. तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करारही २००५ पासूनच लागू आहे. त्या कराराच्या सदस्य देशांनी २०१४ मध्ये मॉस्कोत आणि २०१६ मध्ये दिल्लीत हुक्क्यावर स्वतंत्र ठराव केले. म्हणजे धोका माहीत नव्हता असं कुणालाच म्हणता येणार नाही. तरी सिगारेटवर जेवढी पकड बसली त्याच्या पावपटसुद्धा हुक्क्यावर दिसत नाही. असं का? ज्यांना यातलं आतून माहीत आहे त्यांनी लिहावं. मी या विषयावर एक निवेदन तयार करते आहे, त्यासाठीही उपयोग होईल.

नोंदवही

क्षितिजाताई, भाऊ बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

मी वकिली करते. माझ्या मते दुखणं मुळात इथे आहे: तंबाखूचे कायदे सिगारेट डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले. सिगारेट ही एकच वस्तू असते. ती कारखान्यातून पूर्ण तयार होऊन, पाकिटात बंद होऊन बाहेर पडते. पाकिटावर इशारा छापता येतो, कर लावता येतो, वय विचारता येतं. हुक्का असा तयार होऊन येतच नाही. तंबाखू एकाकडून, कोळसा दुसऱ्याकडून, भांडं-नळी तिसऱ्याकडून, आणि ते सगळं जुळवून पेटवतो चौथाच. कायदा यातल्या एका तुकड्याला धरतो आणि बाकीचे मोकळे राहतात.

अमेरिकेचंच बघा. तिथे २००९ च्या कायद्याने सिगारेटमधले मेंथॉल सोडून बाकी स्वाद बंद केले. हुक्क्याची तंबाखू तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) अखत्यारीत यायला ऑगस्ट २०१६ उजाडला. आणि तेव्हाही काय आत, काय बाहेर याची वाटणी झाली. चिलीम, नळी, स्वाद लावलेला कोळसा हे 'घटक' म्हणून नियमाच्या आत. चिमटा, निखारे पेटवायची शेगडी, फॉइलला भोकं पाडायची सुई ही 'उपसाधनं' म्हणून बाहेर. अशी यादी करत बसावी लागते यातच सगळं आलं.

रसायनी

पाण्याचा मुद्दा आधी निकालात काढू. पाण्याने धूर थंड होतो आणि विरघळणारे काही पदार्थ थोडे कमी होतात. बस. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, धुराचे बारीक कणही बुडबुड्यांच्या पोटात बसून सरळ वर येतात. उलट थंड झाल्यामुळे घसा खवखवत नाही आणि माणूस छातीभरून ओढतो. सिगारेटचा एक झुरका साधारण ४० ते ७५ मिलिलिटरचा. हुक्क्याचा दीडशे मिलिलिटरपासून थेट एक लिटरपर्यंत. एका बैठकीत असे ५० ते २०० झुरके. हे आकडे क्षितिजा म्हणते त्या २००५ च्या सूचनेतलेच आहेत. 'एक हुक्का म्हणजे शंभर सिगारेटी' हे वाक्य तिथूनच सुटलं. पण ते धुराच्या आकारमानाबद्दल आहे, शंभरपट विषाबद्दल नाही. निवेदनात ते वाक्य घालू नका. समोरचा तेवढ्यावरच तुम्हाला खोडून काढेल.

आता मोजणीची अडचण. सिगारेटसाठी ठरलेलं यंत्र आहे: ३५ मिलिलिटरचा झुरका, दोन सेकंद, मिनिटाला एक. हुक्का असा ओढला जातच नाही. म्हणून बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी खऱ्या ओढणाऱ्यांची नोंद घेऊन वेगळी पद्धत बसवली. १७१ झुरके, प्रत्येकी ५३० मिलिलिटर, मध्ये १७ सेकंदांचा खंड. गुणाकार केला तर ९० लिटर धूर. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं हुक्क्याच्या यंत्रासाठीचं मानक यायला मात्र २०१९ उजाडलं.

आणि समजा यंत्र आहे, मानकही आहे. तरी तपासायचं काय? तीच तंबाखू घ्या, कोळसा बदला, आकडा बदलतो. चामड्याची जुनी नळी काढून प्लास्टिकची लावली तर कार्बन मोनॉक्साइड दुपटीहून जास्त निघाला, कारण चामड्यातून बाहेरची हवा थोडी आत झिरपते आणि प्लास्टिकमधून नाही. पाकिटावर आकडा छापून यातलं काय सांगणार?

क्षितिजा

कोळशाबद्दल जरा सविस्तर लिहाल का? भावाच्या बाबतीत डॉक्टरबाईंनी तंबाखूचं नावही घेतलं नव्हतं, कोळशाचंच विचारलं होतं.

रसायनी

बरोबर विचारलं त्यांनी. २००८ मध्ये त्याच बैरूतच्या गटाने कोळशाच्या जागी विजेवर तापणारी तार वापरून बघितली. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडपैकी साधारण ९० टक्के आणि बेन्झोपायरीनपैकी ९५ टक्के कोळशातून येत होतं असं निघालं. बेन्झोपायरीन म्हणजे कर्करोगाला कारण ठरणारं एक संयुग. तंबाखूच्या कायद्यात कोळशाचं नाव बहुतेक ठिकाणी नसतंच. घरात, बाजारात तो साधं इंधन असतो.

म्हणूनच 'हर्बल' हुक्का, ज्यात तंबाखू नाही, तो निर्धोक नाही. त्यात निकोटिन नसतं हे खरं. बाकी कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड, ग्लिसरीन तापून होणारे अल्डिहाइड हे सगळं तंबाखूच्या हुक्क्याइतकंच, काही वेळा थोडं जास्तच सापडलंय.

पाचवा मजला

मी हुक्का ओढतो. महिन्यातून दोनदा, चार मित्र, दोन तास गप्पा. वर लिहिलेलं मला पटतंय, पाणी गाळतं वगैरे मीही मानत नाही. पण प्रत्येक गोष्टीला बंदी हे उत्तर कसं? मी सज्ञान आहे. सिगारेट दुकानात राजरोस मिळते आणि हुक्क्यावर मात्र छापे पडतात, हा न्याय मला समजत नाही. सिगारेट ओढणारा दिवसाला दहा ओढतो, रोज. माझे महिन्यातले चार तास आणि त्याचं आयुष्य एका तराजूत कसं घालता?

वेधशाळा

पाचवा मजला, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि सर्वेक्षणात काम करणाऱ्या आम्हा लोकांना तो रोज छळतो.

सिगारेटसाठी 'दिवसाला किती' हा प्रश्न पुरतो. हुक्क्याला तो लागू पडत नाही. काहीजण रोज ओढतात, बरेचजण महिन्यातून एकदोनदा, आणि एकच हुक्का चौघांत फिरतो. मग एकाच्या वाट्याला किती आला? 'गेल्या ३० दिवसांत एकदा तरी' असं विचारलं तर तुम्ही आणि रोज ओढणारा एकाच रकान्यात. 'रोज ओढता का' विचारलं तर तुम्ही हिशेबातच नाही. त्यात नावं किती! शिशा, नर्गिले, अर्गिले, गोझा, कलियान, गुडगुडी. प्रश्नावलीत एक नाव असेल आणि उत्तर देणाऱ्याच्या तोंडी दुसरं, तर तो 'नाही' म्हणून मोकळा होतो. अनेक सर्वेक्षणांत तर हुक्का 'इतर' या खात्यात पडतो. जे नीट मोजलं जात नाही त्याच्यासाठी मंत्रालयात पैसा मागायला कुणी उभं राहत नाही.

पण महिन्यातून दोनदाच हा तुमचा आधार फारसा भक्कम नाही. कधीतरी ओढणाऱ्यालाही त्या एका संध्याकाळी कोळशाचा वायू पूर्णच मिळतो. क्षितिजाताईंचा भाऊ रोज ओढणारा नसावा.

क्षितिजा

नाही. चौथी की पाचवी वेळ होती.

सारंग_७

मी या धंद्यात तीन वर्षं होतो. मालकाचं नाव, जागा काही सांगणार नाही, पण काम सांगतो, कारण वरच्या चर्चेत ते कुठे दिसलं नाही.

माझं काम चिलीम भरायचं आणि निखारे सांभाळायचं. फ्लेवर, म्हणजे स्वाद लावलेली तंबाखू, मोठ्या डब्यात यायचा. डबा आत, ओट्याखाली. त्यावर इशारा असेलही. तीन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तो डबा बघितला नाही. त्यांच्यापुढे जायचा तो तयार पेटलेला हुक्का आणि फ्लेवरच्या नावांचं कार्ड. कार्डावर फळांची चित्रं.

दुसरं. हुक्का गिऱ्हाइकापुढे ठेवण्याआधी नीट लागला की नाही ते बघायला आम्हीच ओढायचो. निखारा ठेवला की पाचसहा लांब झुरके मारायचे, धूर दाट आला की न्यायचा. एका रात्रीत किती हुक्के लावले असतील मोजलं नाही. शिवाय निखारे पेटवायची जागा म्हणजे आतली बोळ, तिला खिडकी नाही. पहाटे घरी जाताना डोकं असं दुखायचं की मी ते जागरण समजायचो. ते काय होतं ते आज हा धागा वाचून कळतंय.

तपासणी यायची तेव्हा आधी कळायचं. तोवर फ्लेवरचा डबा बदललेला असायचा, 'हर्बल' लिहिलेला पुढे यायचा. साहेब डबा वाचायचे. हुक्क्यातलं कुणी वाचू शकत नाही. ते प्रयोगशाळेत न्यायला पाहिजे, आणि चिलमीत जळलेला चोथा नेऊन तपासलेला मी एकदाच बघितला.

तोंडाला लावायची प्लास्टिकची टोपी प्रत्येकाला नवी द्यायचो. नळी मात्र तीच. ती आतून धुतली जात नाही, पाणी गेलं तर खराब होते म्हणायचे.

पाचवा मजला दादा, तुम्ही महिन्यातून चार तास बसता ते मान्य. तुमच्यापुढे हुक्का आणून ठेवणारा पोरगा तिथे रोज आठ तास असतो.

पाचवा मजला

सारंग, हे मला खरंच सुचलं नव्हतं. वाचून गप्प झालो.

नोंदवही

सारंगदादा, तुम्ही लिहिलेलं आमच्या दहा निकालपत्रांना भारी आहे. 'हर्बल' डब्याची गोष्ट तर कायद्याच्या पुस्तकात थेट दिसते. भारताचं उदाहरण घेते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये म्हटलं की केंद्राच्या तंबाखू कायद्याप्रमाणे धूम्रपानासाठी राखून ठेवलेल्या जागेत हुक्का देता येतो, महापालिकेने परिपत्रक काढून त्याला बंदी घालता येत नाही. मग २०१७ च्या मे महिन्यात नियम बदलून त्या राखीव जागेत कोणतीही सेवा द्यायला मनाई झाली. पुढे गुजरात, महाराष्ट्र, पंजाब या राज्यांनी कायद्यातच दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. पण महाराष्ट्राच्या २०१८ च्या दुरुस्तीत हुक्का बारची जी व्याख्या आहे तिचा रोख तंबाखू ओढण्यावर आहे. तंबाखू नाही म्हटलं की वाद सुरू. जानेवारी २०२३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयानेही हुक्का बार बंद करण्याचा आदेश रद्द केला, कारण तसं बंद करायला आधार देणारा कायदाच राज्यात नव्हता.

केनियाचं याहून बोलकं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तिथे हुक्क्यावर संपूर्ण बंदी आली. वापर, विक्री, आयात, जाहिरात, सगळंच बंद. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी राहू दिली, मात्र नियम रीतसर संसदेपुढे मांडून घ्या म्हणून मुदत घालून दिली. ते झालं नाही. २०२४ मध्ये एका दंडाधिकाऱ्याने त्याच कारणावरून आरोपींना सोडून दिलं. सहा वर्षं ज्या नियमांवर खटले भरले त्यांचा पायाच कच्चा होता.

घाईने काढलेल्या आदेशाची टाळी त्या दिवशी मिळते, त्याची किंमत न्यायालयात मोजावी लागते. हे मी कळकळीने सांगतेय, कारण अशा वेळी हरलेल्या बाजूला मीही उभी राहिले आहे.

जुनी टाकसाळ

करखात्यातून निवृत्त झालो, म्हणून थोडं कराबद्दल.

सिगारेटवर नगाप्रमाणे कर लावता येतो. हजार नगांना इतका, विषय संपला. हुक्क्याच्या तंबाखूला नग नाही, म्हणून वजनावर लावतात. आता त्या ओल्या तंबाखूत, ज्याला मुआस्सल म्हणतात, तंबाखूचं पान हा एक हिस्सा. बाकी काकवी किंवा मध, ग्लिसरीन, स्वाद. काही देशांत हा माल पाइपच्या तंबाखूच्या जुन्या, स्वस्त दरात मोडत राहिला. आणि एका चिलमीत १० ते २० ग्रॅम लागते, ती चौघांत वाटली जाते, पैसे मात्र जागेचे, गादीचे, संगीताचे धरून लावतात. म्हणजे तंबाखूवरचा कर दुप्पट केला तरी बिलात तो जाणवत नाही. सिगारेटच्या बाबतीत सगळ्यात कामाला आलेलं हत्यार इथे बोथट होतं.

जर्मनीत अडचण वेगळी होती. शिशा बारवाले किलोचे डबे घेऊन चिलमीगणिक सुटी तंबाखू विकत. तिथल्या करकायद्यात पाकीट फोडून विकायला मनाई आहे, पण सारंग म्हणतो तसं, आत काय चाललंय ते बघणार कोण? म्हणून जुलै २०२२ पासून हुक्क्याच्या तंबाखूचं पाकीट जास्तीत जास्त २५ ग्रॅमचं असा नियम केला. एक पाकीट, एकदोन चिलमी, हा हिशेब. कल्पना चांगली होती. पण छोटं पाकीट महाग पडतं, आणि चोरट्या मोठ्या डब्याला भाव येतो. कर आणि तस्करीवरची नजर एकदमच वाढवावी लागते. नुसता कर वाढवून घरी बसलं की माल दुसऱ्या दाराने येतो, हे मी नोकरीभर बघितलं.

संयुक्त अरब अमिरातीने २०१९ च्या अखेरीस हुक्क्याच्या तंबाखूला दर ग्रॅममागे किमान किंमत ठरवून तिच्यावर कर धरला, शिवाय डिजिटल करचिठ्ठी सक्तीची केली. मला ती दिशा बरी वाटते.

दौतटाक

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. पाण्यामुळे धूर निरुपद्रवी होतो ही समजूत हुक्क्याइतकीच जुनी आहे. अकबराच्या दरबारातल्या हकीम अबुल फत गिलानी यांनी धूर पाण्यातून न्यावा असं सुचवलं, अशी कथा सगळीकडे सांगतात. तारखा जुळवून बघितल्या तर घोटाळा दिसतो. असद बेगने विजापूरहून आणलेली तंबाखू अकबरापुढे ठेवली ती त्याच्या राजवटीच्या अगदी शेवटी, १६०४-०५ च्या सुमारास, आणि हे हकीम १५८९ मध्येच वारले होते. कथा खरी असो नसो, ती टिकली ती त्यातल्या दिलाशामुळे. बंदीही जुनीच आहे. जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूला मनाई केली, ऑटोमन सुलतान चौथ्या मुरादने १६३३ मध्ये देहदंड ठेवला. हुक्का दोघांनाही पुरून उरला.

वेधशाळा

दौतटाक, जुना आहे हे खरं, पण आजची लाट जुनी नाही. सीरिया आणि आसपासच्या देशांतले अभ्यास सांगतात की विसाव्या शतकाच्या शेवटी हुक्का म्हाताऱ्यांपुरता उरला होता. १९९० च्या दशकात तयार गोड मुआस्सल बाजारात आला आणि तरुण मुलंमुली त्याकडे वळली. पूर्वीची तंबाखू भिजवा, पिळा, रचा, ती घशालाही कडक. ही डबा उघडला की तयार. म्हणूनच स्वाद हा माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि तिथेच कायद्यांनी हात आखडता घेतलाय.

नोंदवही

अगदी. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने सिगारेट आणि हाताने वळायच्या तंबाखूतले स्वाद बंद केले, हुक्क्याला सूट दिली. ही सूट कधी काढायची याची अटही लिहून ठेवली: किमान पाच देशांत खप दहा टक्क्यांनी वाढला, किंवा पंचविशीच्या आतल्यांमधलं प्रमाण पाच टक्के अंकांनी वाढलं, तर. म्हणजे आधी मुलं ओढायला लागू देत, मग बघू. तापवून ओढायच्या तंबाखूची अशी सूट २०२२ मध्ये काढली. हुक्क्याची तशीच राहिली. इशाऱ्यांच्या बाबतीत मात्र तो निर्देश कडक आहे, हुक्क्याच्या पाकिटावरही ६५ टक्के जागा चित्र आणि मजकुराला.

कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये स्वादाच्या तंबाखूची विक्री बंद करणारा कायदा केला, तो २०२२ च्या सार्वमतानंतर लागू झाला. त्यातही हुक्क्याला सूट आहे, फक्त २१ वर्षांखालच्यांना आत न घेणाऱ्या परवानाधारक दुकानांतून. कारण दिलं गेलं परंपरेचं. मला परंपरेबद्दल आदर आहे. पण स्ट्रॉबेरी आणि बबलगमच्या स्वादाचा मुआस्सल ही तीस-पस्तीस वर्षांची बाजारपेठ आहे, तिला चारशे वर्षांची झूल पांघरू नये.

अंगणवेल

माझी मुलगी एकोणीस वर्षांची. तिच्या खोलीत मला एक डबा सापडला होता, त्यावर लिहिलेलं '०.५ टक्के निकोटिन, ० टक्के टार'. ती म्हणाली, "आई, शून्य टार आहे, वाच ना." मला काही बोलता आलं नाही. हे खरं असू शकतं का?

रसायनी

अंगणवेल, टार म्हणजे धुरातला चिकट काळा अंश, तो तंबाखूत नसतोच. तो तापून-जळून धुरात तयार होतो. न पेटवलेल्या कुठल्याही तंबाखूत टार शून्यच असणार, सिगारेटमध्येही. म्हणजे वाक्य शब्दशः खोटं नाही आणि मुलीची फसवणूक मात्र पुरती झाली. निकोटिनचा आकडाही वजनाच्या टक्केवारीत लिहून लहान दिसतो. दहा ग्रॅमच्या चिलमीत अर्धा टक्का म्हणजे ५० मिलिग्रॅम. सगळं शरीरात जात नाही, पण डबा वाचून हा हिशेब कोण मांडणार? तिच्याशी याच भाषेत बोलून बघा, हिशेब मांडून. रागावून नको.

क्षितिजा

इशाऱ्याची जागा हाच मुद्दा मला सारंगदादांच्या प्रतिसादापासून छळतोय. डबा जर ओट्याखाली, तर इशारा कुठे हवा? तुर्कस्तानने हुक्क्याच्या काचेच्या भांड्यावरच चित्रासकट इशारा सक्तीचा केलाय, असं वाचलं. ते भांडं तासभर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतं. स्वादाच्या कार्डावरही हवा.

आणि धूरमुक्त जागांचं काय? सिगारेटला बंदी असलेल्या खोलीत हुक्का कसा चालतो?

परसदार

मी तपासणीच्या बाजूला काम केलंय, म्हणून हे लिहितो. कायद्यात 'बंदिस्त जागा' असं लिहिलं की लगेच भिंती हलायला लागतात. इंग्लंडमध्ये जुलै २००७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपान बंद आहे, हुक्क्यासकट. तिथला नियम असा: छप्पर असेल आणि भिंतींतली कायमची मोकळी जागा निम्म्याहून कमी असेल, तर ती जागा बंदिस्तच धरायची. उघडता-मिटता येणाऱ्या खिडक्या-दारं मोकळ्या जागेत मोजायची नाहीत. आता अधिकाऱ्याने रात्री अकरा वाजता टेप घेऊन भिंती मोजायच्या. तो गेला की ताडपत्री खाली. तपासणारे दिवसा काम करतात, हुक्का रात्री चालतो, ही साधी गोष्ट कुठल्याच कायद्यात लिहिलेली नसते.

शिवाय खातं कुणाचं हा घोळ. तंबाखू आरोग्याकडे, कर महसुलाकडे, परवाना नगरपालिकेकडे, आग अग्निशमनाकडे, कामगार आणखी कुणाकडे. प्रत्येकजण आपापला तुकडा बघून जातो. कार्बन मोनॉक्साइडचं मोजणारं यंत्र यातल्या एकाच्याही हातात सहसा नसतं. मला विचाराल तर परवाना एकच करा आणि त्यात वायुमापक यंत्राची अट घाला. ते यंत्र भिंती मोजत बसत नाही.

लेबनॉनमध्ये २०११ चा १७४ क्रमांकाचा कायदा चांगला होता, सप्टेंबर २०१२ पासून उपाहारगृहांना लागूही झाला. पण त्या धंद्यातल्या लोकांनी मोठा विरोध केला, अंमलबजावणी ढिली पडली आणि हुक्के परत टेबलांवर आले. कागदावर तो कायदा आजही चांगलाच आहे.

पाचवा मजला

मग सिंगापूरसारखं आयातच बंद करून टाकली तर? तिथे २०१४ च्या नोव्हेंबरपासून बंदी आहे ना?

परसदार

हो. आधीपासून परवाना असलेल्यांना जुलै २०१६ पर्यंत मुदत देऊन मग पूर्ण. पण ते छोटं बेट आहे, बंदरं मोजकी, तपासणी कडक. लांब जमिनीची सरहद्द असलेल्या देशाला तेच जमेल असं नाही. २०२० मध्ये साथीच्या काळात पूर्व भूमध्य भागातल्या अनेक देशांनी सार्वजनिक ठिकाणी हुक्का द्यायला मनाई केली होती. एका नळीला चार तोंडं, कारण उघड होतं. इच्छा असली की एका आदेशाने बंद होतं हे तेव्हा दिसलं. पण बंद झालं ते बाहेरचं. तयार हुक्का घरपोच देणारे काही ठिकाणी आधीपासून होतेच, आणि घरातल्या बंद खोलीत तोच कोळसा.

तुमचा मघाचा प्रश्न, सिगारेट मिळते मग हुक्का का नाही, त्याला माझं उत्तर असं की बरोबरी करायची तर पूर्ण करा. सिगारेटला जे जे लागू आहे ते सगळं हुक्क्याला लावा. स्वाद काढा, बंदिस्त जागेत मनाई, जाहिरात बंद, इशारा समोर, कर जाणवेल इतका. एवढं प्रामाणिकपणे झालं तर बंदीचा वाद बराचसा राहणारच नाही.

क्षितिजा

निवेदनातला मुख्य परिच्छेद लिहिला आहे. सगळ्यांनी बघा:

"तंबाखूचा हुक्का ग्राहकाला ओढायला देणाऱ्या व्यक्तीवर कारवाई व्हावी. हुक्क्याच्या भांड्यावर व स्वादाच्या यादीवर चित्रासह इशारा असावा. बंदिस्त जागेत हुक्का देण्यास मनाई असावी."

नोंदवही

पहिल्याच शब्दाला थांबा. 'तंबाखूचा' काढा, नाहीतर हर्बलचा डबा पुढे येईलच. "निखाऱ्यावर अथवा अन्य प्रकारे तापवून, पाण्यातून धूर ओढण्यासाठी दिला जाणारा कोणताही पदार्थ" असं लिहा. 'अन्य प्रकारे' यासाठी की आता कोळशाऐवजी विजेवर तापणाऱ्या चिलमीही आल्या आहेत. आणि 'बंदिस्त' म्हणजे काय ते आकड्यात लिहा.

परसदार

वायुमापकाची ओळ राहिली. "निखारे पेटवण्याच्या जागेसह" असं स्पष्ट लिहा त्यात, नाहीतर यंत्र फक्त बाहेरच्या खोलीत लावतील.

सारंग_७

क्षितिजाताई, एक बदल माझाही. 'ओढायला देणाऱ्या व्यक्तीवर' लिहिलंत तर पकडला जाईल तो चिलीम भरणारा पोरगा. देतो तोच ना. आमच्याकडे छापा पडला तेव्हा गाडीत आम्ही तिघं बसलो होतो, मालक घरी होता. 'जागेचा परवाना ज्याच्या नावावर आहे आणि त्या धंद्याचा नफा ज्याला मिळतो' असं काहीतरी लिहा. नोंदवहीताई नीट शब्दांत बसवतील.

नोंदवही

बसवते. आज रात्रीच पाठवते.

क्षितिजा

सारंगदादा, तुमची ओळ सगळ्यात वर घेतली आहे. आणि एक विनंती: ती डोकेदुखी अजून होत असेल तर छातीच्या डॉक्टरांना एकदा दाखवून या, जाताना तीन वर्षं काय काम केलंत ते त्यांना सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.